न पेरलेल्या मक्याचे पैसे

एखाद्या काउंटीत सरकारने कोणत्या शेतकऱ्याला, कोणत्या वर्षी, कशापायी किती डॉलर दिले हे नावानिशी वाचता येतं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? मी आयोवात राहतो. डि मॉइन शहरात विमा कंपन्यांची गर्दी आहे, त्यातल्या एकीत आकड्यांची हमाली करतो. शहराच्या वेशीबाहेर गाडी काढली की दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका, नजर पोचेल तिथवर. हे सगळं मी गाडीच्या काचेतून बघत आलो. मग गेल्या हिवाळ्यात कामाच्या निमित्ताने शेतीखात्याने वाटलेल्या पैशांचा एक तक्ता समोर आला, आणि तेव्हापासून जेवताना, गाडी चालवताना, भाजी आणायला गेल्यावर माझ्या तोंडी दुसरा विषय नाही. बायकोने ऐकणं सोडलं आहे. म्हणून लिहितो.

नमुन्यादाखल मी एक काउंटी धरली: ग्रीन काउंटी. डि मॉइनच्या वायव्येला, गाडीने तासाभरापेक्षा थोडं जास्त. मुख्य गाव जेफरसन. अख्ख्या काउंटीची लोकसंख्या नऊ हजारांच्या आत. जनमत-चाचण्या जगाला शिकवणारा जॉर्ज गॅलप १९०१ साली इथेच जन्मला. चौकात कोर्टाची इमारत आणि तिच्याजवळ उंच घंटामनोरा. बाकी सगळी जमीन. आणि जमीन कशी, तर पट्टी लावून आखलेली! मैलभर लांब, मैलभर रुंद असे चौकोन, एकेक ६४० एकरांचा, चौकोनांच्या कडांनी सरळ रेषेत रस्ते. त्या चौकोनाचा चतकोर म्हणजे १६० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना जमीन दिली ती याच मापाने. आमच्या लातूरकडे बांधावरून तीन पिढ्या भांडतात. इथे बांध वाकडा असायची सोयच ठेवलेली नाही.

तर तो तक्ता. कुणालाही वाटेल की मका पेरला, भाव पडला, सरकारने भरपाई दिली, संपलं. नाही हो! मक्याचे पैसे मिळायला मका पेरावाच लागत नाही!

इथे प्रत्येक शेताच्या नावावर सरकारदरबारी ‘बेस एकर’ लिहिलेले असतात. या शेताला मक्याचे इतके, सोयाबीनचे इतके, गव्हाचे इतके. हे आकडे त्या जमिनीत पूर्वी काय पिकत होतं त्यावरून ठरलेले. १९८०-९० च्या काळातल्या जुन्या नोंदी, मग २००२ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीच्या कायद्याने, दिलेली मुभा की १९९८ ते २००१ मधल्या पेऱ्यावरून आकडा ताजा करून घ्या, मग २०१४ च्या कायद्याने दिलेली मुभा की २००९ ते २०१२ मध्ये जे पेरलं त्या प्रमाणात पिकांची वाटणी बदलून घ्या. त्यानंतर २०२५ च्या कायद्यापर्यंत आकडा गोठलेलाच होता. यंदा तुम्ही सगळं रान सोयाबीनखाली घाला, लसूणघास लावा, गाई चारा, काहीही करा. बेसमध्ये मका आहे आणि मक्याचा हिशेब लागला, की मक्याचे पैसे येणार. पीक रानात उभं नसलं तरी चालतं, ते दप्तरात उभं असलं म्हणजे झालं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आणि यात एक गंमत दडवलेली आहे. रान रिकामं ठेवलं तरी पैसे चालू राहतात, पण फळं-भाज्या एका मर्यादेपलीकडे लावल्या तर कापले जातात! कारण कॅलिफोर्निया, फ्लोरिडातल्या भाजीपाला पिकवणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे की सरकारी पैसे घेणारे मकेवाले आमच्या बाजारात नकोत. म्हणजे ओसाड चालेल, टोमॅटो नको.

हा प्रकार वेडगळ वाटतो, पण मुळाशी विचार आहे आणि तो मला फार आवडला. पैसे पेरणीला बांधले की शेतकरी पैशांसाठी पेरतो, मग माल उतू जातो, भाव आणखी पडतो, आणखी पैसे द्यावे लागतात. म्हणून १९९६ च्या फार्म बिलाने पैसे आणि पेरणी यांची गाठ सोडवली: शेतकऱ्याने बाजाराकडे बघून पेरावं, सरकारने जुन्या नोंदीकडे बघून द्यावं. कल्पना झकास. पण जुन्या नोंदीकडे बघून द्यायचं म्हटलं की नोंद उरते आणि शेती उडून जाते, असंही होणारच. २००६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने टेक्सासमधून लिहिलं की भाताच्या जुन्या जमिनींवर घरं उठली आहेत आणि मागच्या अंगणाला भातशेतीचे पैसे येतात, घरमालकाने आयुष्यात भात लावलेला नसताना. २००८ च्या कायद्याने वसाहत उठलेल्या जमिनीचा बेस काढून टाकायची तरतूद केली. मी हे लातूरकडे सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या अण्णांना फोनवर सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “आन् त्यो पैसा परत केला का न्हाई त्या मान्सानं?” त्यांना अजूनही माणसांची जास्त काळजी.

आता काउंटीकडे येतो, कारण मी जो हरखून गेलो आहे तो मुख्यतः काउंटीमुळे. २०१४ च्या कायद्याने शेतकऱ्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक वाट भावाची: देशभरातला सरासरी भाव कायद्यात लिहिलेल्या भावाखाली गेला की फरक मिळणार. हा कायद्यातला भाव मक्याला बुशेलमागे (मक्याचं बुशेल साधारण पंचवीस किलोंचं) ३.७० डॉलर होता, सोयाबीनला ८.४०; २०२५ च्या कायद्याने तो ४.१० आणि १० डॉलर केला. दुसरी वाट उत्पन्नाची, आणि ती काउंटीवार चालते. कोणती वाट धरायची हे शेतकऱ्याने पिकागणिक आधीच सांगायचं. (२०२५ च्या पिकापुरती सूट मिळाली: दोन्हींतलं जे जास्त निघेल ते घ्या. निवडीचा सगळा थरारच घालवला!)

दुसरी वाट अशी. काउंटीतल्या मागच्या पाच वर्षांच्या एकरी उताऱ्यातून सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष काढून टाकायचं, उरलेल्या तीन वर्षांची सरासरी काढायची. देशातल्या भावाचंही तसंच. दोन्हींचा गुणाकार म्हणजे काउंटीचं नेहमीचं एकरी उत्पन्न. त्याच्या ८६ टक्क्यांची हमी. २०२५ च्या कायद्याने ती ९० केली. यंदाचं उत्पन्न हमीच्या खाली गेलं तर फरक मिळतो, तोही ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि बेस एकरांपैकी ८५ टक्क्यांवरच.

गोल आकडे घेऊन मी कागदावर मांडून बघितलं. समजा रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी, पलीकडे दुसरी. दोन्हींचा नेहमीचा उतारा एकरी १८० बुशेल, नेहमीचा भाव ४ डॉलर. म्हणजे ७२० डॉलर. जुन्या ८६ टक्क्यांच्या नियमाने हमी ६१९ डॉलर २० सेंट. यंदा भाव पडून ३ डॉलरवर आला. अलीकडच्या काउंटीचा उतारा १९०, उत्पन्न ५७०. हमीपेक्षा ४९ डॉलर २० सेंट कमी, तेवढे मिळणार. पलीकडच्या काउंटीत पाऊस बरा झाला, उतारा २१०, उत्पन्न ६३०. हमीच्या वर! मिळणार शून्य. एकाच रस्त्याच्या दोन कडा, एकच भाव. एकाच्या टपालपेटीत चेक, दुसऱ्याच्या पेटीत जाहिराती.

आणि यात त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानाचा काडीचाही संबंध नाही, हे लक्षात आलं का? पलीकडच्या काउंटीत एखाद्याचा मका गारांनी झोपला, तरी काउंटीचा उतारा चांगला म्हणून या योजनेतून त्याला काही नाही. अलीकडच्या काउंटीत एखाद्याला विक्रमी पीक आलं, तरी काउंटीचं उत्पन्न हमीखाली म्हणून त्याला पैसे. २०१४ च्या पिकाचे पहिले पैसे २०१५ च्या ऑक्टोबरात आले. हो, वर्षभराने, कारण पुढच्या ऑगस्टअखेर संपणारं विक्रीचं वर्ष सरल्याशिवाय सरासरी भाव कळत नाही. आणि शेजारशेजारच्या काउंट्यांतला फरक बघून तेव्हा बरीच बोंब झाली. जेफरसनमध्ये कॉफी पिता पिता भेटलेले एक सत्तरीचे शेतकरी मला म्हणाले, “आमच्याकडे काउंटी पिकली की आम्ही रडतो.” आणि स्वतःच खो खो हसले.

मी हसलो नाही, कारण मला हे पाठ होतं! ही तर आपली आणेवारी! गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की दुष्काळ नाही, मग तुमच्या रानात धसकटं का उभी असेनात. ही तर पीकविम्याची महसूल मंडळं, पीक कापणी प्रयोग आणि ते उंबरठा उत्पादन! ओढ्याच्या अलीकडचं मंडळ बसलं, पलीकडचं नाही बसलं, या वाक्यावर आमच्या औसा तालुक्यात पाराखालच्या कितीतरी सकाळी खर्ची पडल्या आहेत. एकेकाच्या रानात जाऊन मोजायचं तर सरकारला परवडत नाही, आणि शेतकऱ्याच्या शब्दावर द्यायचं तर पुरत नाही. म्हणून दोन्हीकडे सरकार सरासरीला शरण जातं. अण्णांना हे सांगताच ते एकदम ताजेतवाने झाले. “म्हंजे तिथं बी मंडळ बसतंय!” त्यांना अमेरिकेबद्दल इतकी आपुलकी मी कधी बघितली नव्हती.

पेऱ्याची नोंदही तशीच. दर वर्षी १५ जुलैच्या आत शेतकरी काउंटी कार्यालयात जाऊन विमानातून काढलेल्या नकाशावर आपल्या तुकड्यांवर बोट ठेवून सांगतो, इथे मका, इथे सोयाबीन, हा कोपरा पडीक. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तिथे शेतकरी मोबाइल घेऊन रानात उभा राहतो आणि फोटो काढतो. रेंज आली तर.

मग मी मागे मागे जात राहिलो, आणि थेट १९३३ साली पोचलो. काय साल आहे ते! मका बुशेलला दहा-बारा सेंटवर आलेला. कोळशापेक्षा मका स्वस्त म्हणून लोक चुलीत मका जाळत होते. कर्जापायी शेतांचे लिलाव लागायचे, तर शेजारी जमून मुद्दाम पैशा-दोन पैशांच्या बोली लावायचे, परका कुणी बोली वाढवायला आला तर त्याच्याभोवती कडं करून उभे राहायचे, आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत द्यायचे. २७ एप्रिल १९३३ ला आयोवाच्या वायव्य टोकाला ली मार्स गावात शेतकऱ्यांचा जमाव कोर्टात घुसला. न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यापुढे जप्तीच्या आदेशांवर सही करणार नाही, असं वचन द्यायला तयार होईनात. त्यांना ओढून बाहेर नेलं, गळ्यात दोर अडकवला. ते बधले नाहीत, शेवटी जमावाने सोडून दिलं. राज्यपालांनी लष्कर बोलावलं. आणि त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, १२ मे रोजी, रूझवेल्ट यांनी त्या कायद्यावर सही केली ज्यातून आजच्या तक्त्यातल्या या सगळ्या ओळी उगवल्या.

तो कायदा राबवणारा शेतीमंत्री कोण? हेन्री वॉलेस, आयोवाचाच. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याआधी १९२६ साली या माणसाने संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती! एकरी मका वाढवणारं बियाणं विकणारा माणूस मंत्री झाला आणि मका कमी लावा म्हणून पैसे वाटू लागला. १९३३ मध्येच उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले, सुमारे एक कोटी एकर. साठ लाखांच्या आसपास डुकरं सरकारने विकत घेऊन मारली. उपाशी देशात हे झालं म्हणून गहजब झाला. त्याच साली ऑक्टोबरात एक सरकारी महामंडळ निघालं, ते मक्यावर बुशेलला ४५ सेंट कर्ज द्यायचं. मका शेतकऱ्याच्याच कणगीत, वर सरकारी सील. भाव चढला तर विका आणि कर्ज फेडा; नाही चढला तर मका सरकारचा, कर्ज माफ. किती साधं, किती हुशार! ते महामंडळ आजही आहे, ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज काढायचा अधिकार त्याला आहे, आणि ग्रीन काउंटीतले बरेचसे पैसे अजून त्याच्याच तिजोरीतून निघतात.

१९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पहिला कायदा मोडीत काढला, १९३८ मध्ये नवा आला. ती भानगड वकिलांची, मी पुढे पळतो. १९८३ मात्र सोडवत नाही. रेगन यांच्या काळात कोठारं इतकी फुगली की सरकारने सांगितलं, मका लावू नका, बदल्यात आम्ही तुम्हाला मकाच देतो! सरकारी कोठारातला मका, न पिकवलेल्या मक्याची मजुरी म्हणून. त्या एका वर्षात देशभर सात कोटींहून जास्त एकर रान मोकळं राहिलं. दोन वर्षांनी, १९८५ च्या कायद्याने, धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं गवताखाली ठेवा आणि वार्षिक भाडं घ्या ही योजना आली, ती अजून चालू आहे. ग्रीन काउंटीत रॅकून नदीच्या काठाने जे उंच गवत दिसतं, त्यातलं काही या भाड्याचं असणार. ही नदी पुढे डि मॉइनला येते, आम्ही तिचंच पाणी पितो, आणि शेतांतला नायट्रेट गाळायला शहराला जबर खर्च येतो. त्या गवताचे पैसे मला तरी स्वस्त वाटतात.

माझा सगळ्यात लाडका आकडा मात्र २०१८ चा आहे. त्या जुलैत अमेरिकेने चिनी मालावर कर लावला, चीनने उलट सोयाबीनवर २५ टक्के लावला, आणि आयोवाचं कंबरडं मोडायची वेळ आली. तेव्हा बीजिंगमधले अमेरिकी राजदूत होते टेरी ब्रॅनस्टॅड, आयोवाचे माजी राज्यपाल. आणि शी जिनपिंग १९८५ मध्ये साधे अधिकारी असताना आयोवातल्या मस्कटीनला पाहुणे म्हणून राहून गेलेले. एवढी घसट, तरी सोयाबीन अडकलं. सरकारने भरपाई जाहीर केली: सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट. आणि मक्याला? एक सेंट! पंचवीस किलो मक्यामागे एक सेंट! हा एक सेंट कोणत्या खोलीत, कोणत्या चेहऱ्याने ठरवला असेल, हे जाणून घ्यायला मी काहीही देईन.

पुढच्या वर्षी त्यांनी पद्धत बदलली. पिकागणिक नाही, काउंटीगणिक एकच दर, एकरी १५ ते १५० डॉलरच्या दरम्यान. तुम्ही ठरलेल्या पिकांपैकी काहीही पेरा, दर काउंटीचा. तुमच्या काउंटीत पूर्वापार काय पिकतं आणि कर-युद्धाने त्याचं किती नुकसान झालं, यावर तो ठरलेला. म्हणून दक्षिणेतल्या कापसाच्या काउंट्या वर गेल्या आणि मध्य पश्चिमेतले मकेवाले चिडले. दोन वर्षांत मिळून २३ अब्ज डॉलरच्या घरात गेलं हे प्रकरण. २०२० मध्ये त्यावर कोविडची मदत चढली आणि शेतकऱ्यांना थेट मिळालेले सरकारी पैसे ४५ अब्ज डॉलरच्या वर गेले. ग्रीन काउंटीच्या तक्त्यातही ती वर्षं दुरून दिसतात.

हे सगळं वाटतं कोण? इथेही काउंटीच. १९३३ पासून प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती असते. तीन वर्षांची मुदत, टपालाने मतपत्रिका, शेजाऱ्याने शेजाऱ्याला निवडायचं. ऐकायला किती छान! मीही हरखलो होतो, आणि मग दक्षिणेतल्या काउंट्यांबद्दल वाचलं. तिथल्या समित्या गोऱ्यांच्या, आणि काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज फडताळात पडून राहायचा, पेरणी होऊन जायची, मग कर्ज मंजूर व्हायचं किंवा व्हायचंच नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे टिमथी पिगफर्ड आणि त्यांच्यासारखे हजारो शेतकरी कोर्टात गेले. १९९९ मध्ये तडजोड झाली, सरकारने सुमारे एक अब्ज डॉलर मोजले. मुदतीत न पोचलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज मंजूर झाले. तोवर कितीतरी जमिनी गेलेल्या होत्या. गावकीच्या हाती तिजोरीची किल्ली दिली की गावकीचे सगळे रोगही तिथे येऊन बसतात, हे सोसायटीच्या निवडणुका बघितलेल्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

मग नावं उघडी असणं मला आणखीच मोलाचं वाटू लागलं. ती आपोआप उघडी झालेली नाहीत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने खटला लढवला, १९९६ मध्ये न्यायालयाने कापसाचे पैसे घेणाऱ्यांची नावं द्यायला लावली, मग २००१ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ नावाच्या संस्थेने सगळी यादी राज्य, काउंटी, नाव अशी लावून लोकांपुढे ठेवली. देशभर पाहिलं तर वरच्या दहा टक्के लोकांकडे पिकांच्या पैशांतला तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा जातो. बास्केटबॉलचा स्कॉटी पिपन त्या यादीत निघाला. आणि २००७ मध्ये सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी सांगितलं की १९९९ ते २००५ मध्ये १.१ अब्ज डॉलर मेलेल्या माणसांच्या नावे गेले. यातले काही वारसाहक्काच्या नियमात बसत होते, पण खात्याने नीट पाहिलंच नव्हतं. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही.

पण एक दार बंद आहे, आणि तेच सगळ्यात मोठं. पीकविमा. हप्त्याचा साधारण साठ टक्के भार सरकार उचलतं, कुणाला किती याला वरची मर्यादा नाही, आणि घेणाऱ्यांची नावं गुप्त. माझं पोट विम्यावर चालतं, त्यामुळे मी यावर अधिक बोलत नाही.

अण्णांशी माझी खरी जुंपली ती भावावरून. आम्ही दोघं एकाच पिकाच्या दोन टोकांना बसलो आहोत. लातूरची बाजारपेठ म्हणजे सोयाबीनची पेठ. मी हिशेब करून सांगितला: इथल्या कायद्यातला नवा भाव बुशेलला १० डॉलर, सोयाबीनचं बुशेल सत्तावीस किलोंचं, म्हणजे क्विंटलला ३७ डॉलरच्या आसपास, रुपयांत तीन हजार दोनशेच्या आगेमागे. आणि आपला २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२!

“आपला जास्त?” अण्णांचा आवाज चढला. “मग मला कुठं घावला त्यो?”

इथेच तर सगळं आहे. इथला भाव हा बाजारात मिळणारा भाव नाही, तो हिशेबाचा भाव आहे. माल कितीलाही विका, फरक जुन्या बेसवर नंतर घरी येतो. आपला हमीभाव बाजारात कुणीतरी द्यावा लागतो, आणि त्या हंगामात लातूरला त्याच्या कितीतरी खाली सौदे होत होते. शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की आपल्या शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. तेव्हा ते मला भाषण वाटायचं. आता दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघतो तेव्हा तो हिशेब वाटतो. शिवाय इथे एकरी साठ बुशेल म्हणजे सोळा क्विंटल उतरतं. अण्णांना सात-आठ उतरलं तर ते पेढे वाटतील.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. जमीन दुसऱ्याची आणि कसणारा दुसरा असला तर पैसे कुणाला? आयोवातल्या निम्म्याहून जास्त जमिनी दुसरेच कसतात. दोन-तृतीयांश जमिनीचे मालक पासष्टीच्या पुढचे आहेत. कायदा सांगतो, पैसे जोखीम घेणाऱ्याला. बटईने असेल तर दोघांत वाटून; रोख खंडाने असेल तर सगळे कसणाऱ्याला. अण्णा म्हणाले, “बरोबर हाय की मग.” मी म्हटलं, थांबा. पैसे येणार हे मालकालाही माहीत असतं, पुढच्या करारात तो खंड वाढवतो. बेस एकरवाल्या जमिनीला भाव जास्त, खंड जास्त. सरकारने दिलेला डॉलर कसणाऱ्याच्या हाताला लागतो, पण त्याच्या मुठीत किती राहतो यावर इथले अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत आहेत.

“आपल्याकडं तर बटईवाल्याचं नावच न्हाई कागदावर,” अण्णा म्हणाले. खरं आहे. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे वर सहा हजार सातबारावरच्या नावाला. तेही १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावे जमीन होती त्याला. नंतर विकत घेतली असेल तर नाही, वारसाने आली तर हो. म्हणजे आपल्याकडेही एक तारीख गोठवून ठेवलेली आहे! हे सांगितल्यावर मी त्यांना म्हटलं, आपल्या गावाचीही यादी उघडी आहे, लाभार्थ्यांची नावं गावनिहाय बघता येतात. तिकडे घरातल्या धाकट्याला मोबाइलवर काढून द्यायला सांगितलं.

त्या रात्री त्यांनी फोन ठेवला नाही. चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक नावामागे शेरा: ह्याचं दीड एकर, ह्यो पुन्यात ऱ्हातो, हिचा नवरा गेला पर नाव चढवलं न्हाई अजून, ह्यानं २०२० ला घेतली म्हून ह्याचं नाव न्हाई. माझ्याकडे पहाट व्हायची वेळ झाली होती, ऑफिसला जायचं होतं, आणि अण्णा अजून ‘ग’ वर होते.